पाहुण्यांना वसईत काय दाखवाल?

ईदनंतर पाहुणे वसई-विरारला आले की दोन दिवस खाण्यापिण्यात जातात. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, यांना न्यायचं कुठे? समुद्रकिनारा हे ठरलेलं उत्तर. किल्ल्याचं नाव काढलं की एखादे बुजुर्ग हमखास म्हणतात, "तिथे पडकी चर्च आणि देवळं. आपलं काय आहे तिथे?"

आहे. ही जमीन गुजरातच्या सुलतानाची होती. हुमायूनच्या धास्तीने बहादुरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली, मदतीच्या आशेने. १५३७ च्या फेब्रुवारीत पोर्तुगीजांच्या भेटीला गेलेला हाच बहादुरशहा दीवजवळच्या समुद्रात मारला गेला. पुढे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. आणि ३१ डिसेंबर १८०२ ला, होळकरांपुढून पळून आलेल्या दुसऱ्या बाजीरावाने वसईतच इंग्रजांशी तह केला. एक सुलतान, एक पेशवा. दोघांनीही घरच्या प्रतिस्पर्ध्याच्या भीतीने परक्याचा हात धरला. मुलांना किल्ल्यात नेऊन सांगावी अशी गोष्ट आमच्या मते हीच. त्यात कोणाचीच बाजू घ्यावी लागत नाही.

तेव्हा सेंट जोसेफच्या चर्चचा मनोरा पाहा, नागेश्वराचं देऊळ पाहा, अप्पांचा पुतळाही पाहा. जमिनीवर फिरून मागच्यांचा शेवट कसा झाला ते पाहा, असं कुरआनात वारंवार सांगितलं आहे. त्यात फक्त आपलीच ठिकाणं पाहा असं कुठे म्हटलंय? किल्ला मोठा आहे. सकाळी लवकर जा, पाणी घरून न्या, आणि चालवत नसेल अशा दादी-नानींना सावलीत बसवून मग तरुणांनी पुढे जावं.

नालासोपाऱ्याचा स्तूप मात्र पाहणाऱ्याची निराशा करतो, हे आधीच सांगून ठेवतो. विटांचा ढीग, बाजूला झाडी. गावात त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायचे. पण १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी तो खणला तेव्हा आत दगडी पेटी, तिच्यात एकात एक बसवलेले करंडक आणि बुद्धांच्या मूर्ती निघाल्या. त्या आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्याच वर्षी सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. त्या लेखाचा विषय गमतीचा आहे: पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहली काढत, अशोकाने त्या सोडून धर्मयात्रा सुरू केल्या. सहल कुठे काढावी हा प्रश्न तेव्हाही होताच!

आणि हेच सोपारा अरब प्रवासी-लेखकांच्या ग्रंथांत 'सुबारा' म्हणून येतं. दहाव्या शतकातला मसऊदी ते सैमूर म्हणजे चौल आणि ताना म्हणजे ठाणे यांच्यासोबत मोजतो. इथल्या राजाला ते बल्हरा म्हणत आणि त्याच्या राज्यात मुसलमानांना मान आहे, मशिदी आहेत, असं लिहून ठेवत. म्हणजे वसईचा किल्ला उभा राहण्याच्या पाच-सहाशे वर्षं आधी.

एकच दिवस असेल तर आम्ही सांगू, लहान मुलं सोबत असताना किल्ला. वाचनाची आवड असलेला एखादा पाहुणा असेल तर सोपारा, आणि जोहरची नमाज तिथल्याच गावात. दोन्ही एका दिवसात होतात, पण घाई होते.

अर्नाळ्याचा किल्ला बेटावर. होडीने जावं लागतं, कोळ्यांची वस्ती आहे, आत देऊळही आहे नि दर्गाही. तो या यादीत धरू नका. त्याला वेगळा दिवस द्या, भरती-ओहोटीची वेळ गावात विचारून घ्या, आणि पावसाळ्यात जाऊच नका.