आखाड्यात ‘सोडवा’ कोण म्हणतो? ‘हंगर गेम्स’, बडोदे आणि पांढुर्णा

गेल्या उन्हाळ्यात जांब समर्थला मावशीकडे गेले होते. रामनवमीचा उत्सव नुकताच आटोपला होता. अकरावीतली मावसबहीण मोबाईलवर ‘द हंगर गेम्स’ वाचत होती. मध्येच मान वर करून तिने विचारले, “ताई, असं आपल्याकडे कधी झालंय का गं? लोक बघायला बसलेत आणि समोर माणसं मरतायत?” मी चटकन ‘रोममध्ये व्हायचं’ म्हणाले आणि विषय संपवला. इतिहासाच्या पदव्युत्तर वर्गात बसणाऱ्या व्यक्तीने असे उत्तर देणे हा शुद्ध आळस होता. आजचा धागा म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. जरा लांबला आहे, सांभाळून घ्यावे.

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुझान कॉलिन्स यांचे हे पुस्तक २००८ साली प्रसिद्ध झाले. पॅनेम नावाच्या राष्ट्रात बारा जिल्हे एका श्रीमंत राजधानीच्या टाचेखाली जगतात. दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून बारा ते अठरा वर्षे वयाचा एक मुलगा व एक मुलगी चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. चोवीस जण आखाड्यात उतरतात, एकच जिवंत परततो आणि सारा देश ते दूरचित्रवाणीवर पाहतो. मला त्यातली सर्वांत मार्मिक वाटलेली तरतूद मात्र निराळी आहे. गरिबाच्या मुलाला वर्षभराचे थोडे धान्य आणि तेल हवे असेल, तर त्याने आपल्या नावाची एक चिठ्ठी जादा टाकायची. नायिका कॅटनिस सोळा वर्षांची होते तेव्हा तिच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या त्या भांड्यात असतात. सोडत कागदावर सर्वांना सारखी, पण भुकेल्याचे नाव निघण्याचा संभव अधिक. जांबमध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी ‘परचक्रनिरूपणा’त सतराव्या शतकातील दैन्याचे जे चित्र रेखाटले आहे, ते वाचलेल्या माणसाला या तरतुदीचे फारसे नवल वाटणार नाही.

माझे म्हणणे आधीच मांडते. अशा खेळांविषयी बोलताना आपण ‘किती क्रूर!’ एवढेच म्हणून थांबतो. क्रौर्य तर उघडच आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न असा की, झुंज कोठे थांबवायची हे कोणाच्या हाती असते, आणि ती मर्यादा झुंजीपूर्वी ठरलेली असते की रक्त पाहून झाल्यावर ठरते?

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. बाराव्या शतकात आजचा मराठवाडा कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. त्या घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ आहे. काळ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९. राजाने मन कसे रमवावे हे सांगताना त्यात अनेक ‘विनोद’ वर्णिले आहेत. ‘विनोद’ म्हणजे येथे करमणूक. गायन, नृत्य, कथा, शिकार, कोंबड्यांच्या झुंजी, मल्लयुद्ध, आणि त्याच पंगतीत ‘अंकविनोद’, म्हणजे शस्त्रधारी वीरांचे द्वंद्व. ग्रंथ विधानात्मक आहे. तो ‘असे असावे’ हे सांगतो. अमुक दिवशी अमुक मेला, अशी नोंद देत नाही. तरी शस्त्रांची झुंज आणि कोंबड्यांची झुंज एकाच प्रकरणसमूहात बसतात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

प्रत्यक्षदर्शीचे वर्णन हवे असेल तर बडोद्याला जावे लागते. मराठी दरबार, खंडेराव गायकवाडांची कारकीर्द (१८५६ ते १८७०). हे तेच खंडेराव, ज्यांनी मदिनेसाठी मोत्यांचा गालिचा तयार करवून घेतला. कुस्तीचे त्यांना अतोनात वेड होते आणि ते स्वतःही पट्टीचे कुस्तीगीर होते. लुई रुसले नावाचा फ्रेंच प्रवासी १८६४ च्या सुमारास त्यांचा पाहुणा होता. त्याचा ग्रंथ १८७५ मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला. त्यात हत्तींच्या झुंजींची वर्णने आहेत, आणि एका निराळ्या ‘कुस्ती’चेही आहे. ही कुस्ती नख्यांची होती. मल्लांच्या मुठींवर शिंगाच्या नख्या घट्ट बांधलेल्या. अंगावर जवळजवळ वस्त्र नाही, पण डोक्यावर मुकुट आणि गळ्यात हार. भांग-अफूच्या अमलात गात गात ते रिंगणात येत आणि एकमेकांचे तोंड-मस्तक फाडीत. पराभूताला कधी कधी मरणासन्न अवस्थेत उचलून नेत. विजेता स्वतः रक्तबंबाळ झालेला असे. तो महाराजांपुढे दंडवत घाली, आणि महाराज त्याच्या गळ्यात मोत्यांचा कंठा घालीत, उंची वस्त्रे देत.

रुसले म्हणतो की असा सामना त्याने एकदाच पाहिला. त्यातील एक प्रसंग मी वारंवार वाचला आहे. एका मल्लाची नशा बहुधा पुरती चढलेली नव्हती. चार तडाखे बसताच तो निसटू पाहू लागला. प्रतिस्पर्ध्याने त्याला खाली पाडले, आणि खाली पडलेला माणूस दयेची याचना करू लागला. वर असलेला मल्ल थांबला. त्याने मान वळवून महाराजांकडे पाहिले: याला उठू देऊ का? महाराजांनी ओरडून मारण्याचाच हुकूम दिला. त्या माणसाला शुद्ध हरपलेल्या स्थितीत बाहेर नेण्यात आले, आणि रुसले तेथून उठून गेला.

रुसलेवर डोळे मिटून विश्वास ठेवावा असे मी म्हणत नाही. पौर्वात्य राजांची भडक चित्रे युरोपात हातोहात खपत होती, हे त्यालाही ठाऊक होते. शिवाय गायकवाडांचा पाहुणचार त्याने भरभरून घेतला आणि हत्तींच्या झुंजी उत्साहाने पाहिल्या. पण या प्रसंगातील मला खिळवणारा तपशील भडकपणाचा नाही. विजेत्या मल्लाला थांबावेसे वाटले होते, हा तो तपशील. ज्याच्या हाती नख्या होत्या तो विचारीत होता, आणि ज्याच्या अंगाला रक्ताचा थेंबही लागणार नव्हता तो ‘नाही’ म्हणत होता. केवळ प्रेक्षकाला हादरवण्यासाठी लिहिणाऱ्याने विजेत्याला पशू म्हणून रंगवले असते.

याच जातीची झुंज आजही म्हैसूरच्या दसऱ्यात होते. ‘वज्रमुष्टी काळग’ हे तिचे नाव. ज्येष्ठीमल्ल, म्हणजे जेठी घराण्यांतील मल्ल मुंडन करून, मुठीत वज्रमुष्टी घेऊन राजवाड्याच्या आवारात उतरतात. मस्तकावर रक्ताचा पहिला थेंब दिसला की सामना संपतो. बहुतेक वेळा काही क्षणांतच. सामना संपवण्यासाठी कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही. परंपरा म्हणजे बदलता न येणारी गोष्ट, असे ज्यांना वाटते त्यांनी बडोदे आणि म्हैसूर शेजारी ठेवून पाहावे.

आपल्या भाषेतही असा एक आखाडा दडलेला आहे. ‘सत्तेची साठमारी’ हे शब्द आपण वृत्तपत्रात इतक्यांदा वाचतो की त्यामागचा हत्ती कोणाला दिसत नाही. साठमारी म्हणजे मस्तावलेल्या हत्तीला बंदिस्त मैदानात डिवचण्याचा खेळ. डिवचणारे ते साठमार. कोल्हापुरात व बडोद्यात यासाठी खास मैदाने होती. खेळ गेला, शब्द राजकारणाकडे आला, आणि त्यात जीव धोक्यात घालणारा साठमार मात्र अर्थातून गळून पडला.

मावसबहिणीला मी दिलेल्या ‘रोम’ या उत्तराचा कोल्हापूरशीही एक संबंध आहे. राजर्षी शाहू महाराज १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्यावरून कोल्हापूरचे खासबाग मैदान सुचले, असे सांगितले जाते. ते १९१२ मध्ये उभे राहिले. मधला हौदा सर्व बाजूंनी दिसावा अशी उतरती रचना. रोमची वास्तू घेतली, पण तिच्यातले मरण घेतले नाही.

आणि ज्यांनी खासबाग पाहिलेले नाही, त्यांनी आपल्या गावच्या जत्रेतला फड तर पाहिलेलाच असतो. हलगी कडाडते, रेवड्यांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते, शेवटी मोठ्या इनामाची कुस्ती लागते. घटकाभर झाला तरी कोणी चीत होत नाही. लोक ओरडत असतात, इनाम लावलेला माणूसही निकाल मागत असतो. तेव्हा पंचांपैकी एखादा वयस्क गृहस्थ फडात जाऊन दोघांच्या मध्ये हात घालतो. कुस्ती ‘बरोबरीत सोडवली’ जाते. ‘सोडवणे’ हे क्रियापद फार मोलाचे आहे. थांबवण्याचा अधिकार तेथे आधीपासून कोणाकडे तरी असतो, आणि तो माणूस गर्दीच्या विरुद्ध जाऊ शकतो.

आता ज्या ठिकाणासाठी हा धागा लिहायला घेतला तेथे येते. पांढुर्णा. मध्य प्रदेशात असले तरी मराठी बोलणारे गाव, एकेकाळी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातले, २०२३ पासून स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावर पांढुर्ण्याचे लोक आणि दुसऱ्या काठावर सावरगावचे लोक उभे राहतात. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवलेले असते, त्यावर झेंडा. झेंडा काबीज करण्यासाठी दोन्ही बाजू एकमेकांवर दगड फेकतात. नाव ‘गोटमार’. हा शब्द आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. झेंडा हाती आला की तो चंडीमातेच्या मंदिरात नेतात.

आख्यायिका अशी की पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावची मुलगी घेऊन नदी ओलांडत होता. मुलीकडच्यांनी दगड मारले, मुलाकडच्यांनी प्रत्युत्तर दिले आणि दोघेही मधल्यामध्ये मेले. (कादंबरीतही प्रेक्षक दोन स्पर्धकांच्या प्रेमकथेवरच सर्वाधिक भाळतात, हे वाचकांना आठवेल.) त्या दोघांच्या स्मरणार्थ दगड थांबले असते तर समजले असते. ते दरवर्षी नव्याने मारले जातात, आणि दरवर्षी शेकडो जण जखमी होतात. १९५५ पासून किमान डझनभर माणसे मेल्याच्या नोंदी आहेत. १९७८ आणि १९८७ मध्ये पोलिसांनी गोळीबार केला. जमावबंदीचे आदेश निघतात, रुग्णवाहिका उभ्या राहतात, ड्रोन फिरतात. एकदा प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू दिले. लोकांनी काही वेळातच पुन्हा दगड उचलले.

माझी मावसबहीण येथे अडली. “पण कादंबरीत मुलांना पकडून नेतात. तिथं तर आपल्या मनानं जातात ना?” हा आक्षेप पांढुर्ण्याच्या बाजूने नेहमीच मांडला जातो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. बाहेरून येऊन लोकांना रानटी ठरवणाऱ्यांचा मलाही राग येतो. पण स्वेच्छेचा हा निकष बडोद्याला लावून पाहावा. तेथील मल्लांनाही कोणी चिठ्ठ्या टाकून पकडून आणले नव्हते. कंठा होता, वस्त्रे होती, राजाची मर्जी होती. ‘आपल्या मनाने’ हे शब्द आखाड्यात पाऊल टाकण्यापुरते खरे असतात. खाली पडलेल्या माणसाचे मन बदलले तर काय, याचे उत्तर त्या शब्दांत नाही. फडात पंच आहे, म्हैसुरात रक्ताचा थेंब आहे, बडोद्यात निदान मान वळवून पाहायला एक राजा तरी होता. जाम नदीच्या काठावर दगड लागलेल्या माणसाने कोणाकडे पाहायचे? गर्दीकडे पाहिले तर गर्दीच दगड मारते आहे.

नदीच्या दोन काठांवरची दोन गावे म्हणताच सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका आठवतो. सुखेड आणि बोरी. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या गावांतील बायका ओढ्याच्या दोन्ही तीरांवर उभ्या राहून, हातवारे करीत, एकमेकींना यथेच्छ शिव्या घालतात. हा ‘बोरीचा बार’. येथेही एक जुनी कथा आहे, जिद्द आहे, वाद्ये आहेत, बघ्यांची गर्दी आहे. ओढ्यात उतरून भिडू पाहणाऱ्या बायकांना मागे ओढण्याची व्यवस्थाही आहे. वैर पुरते फेडून सगळ्या जिवंत घरी जातात. मला तर ही गोटमारीपेक्षा अधिक कल्पक परंपरा वाटते.

म्हणून गोटमारीवर नुसती बंदी घालावी, या मताची मी नाही. वरून आलेला चेंडू आणि वरून आलेली बंदी, दोन्हींचे काय झाले ते दिसते आहे. मर्यादा ठरायची तर ती पांढुर्णा आणि सावरगावच्या लोकांनी, पोळ्याच्या आधी, देवीसमोर बसून ठरवावी लागेल: पहिला माणूस पडला की झेंडा कोणाचा हे न पाहता तो मंदिरात न्यायचा, आणि ते सांगणारी माणसे दोन्ही काठांवर उभी करायची. म्हैसूरच्या जेठींना जे अपमानास्पद वाटत नाही, ते येथे का वाटावे?

धागा लिहिण्यापूर्वी मावसबहिणीला फोनवर हे सारे सांगितले. थोड्या वेळाने तिने मला गोटमारीची एक रील पाठवली. मागे हिंदी गाणे लावलेले होते. खाली लोक कोणत्या काठाचा नेम चांगला यावर वाद घालत होते. एका दगडानंतर पांढऱ्या सदऱ्यातील एक मुलगा डोके धरून खाली बसतो आणि तेथेच चित्रफीत संपून पुन्हा सुरुवातीपासून चालू होते. मी ती तीनदा पाहिली.