पिकलेल्या केसची निगा

हेडिंग वाचून शिकेकाई शोधायला उठला असाल तर बसा. ही केस कॅमेऱ्याची! कपाटावर लग्नाच्या अल्बमशेजारी पडलेली, उघडली की शिंका आणणारी. फिल्म कॅमेरे पुन्हा हिट झालेत, बाबांची याशिका गळ्यात घालून डीपी टाकणं एकदम इन आहे. पण कॅमेरा हौसेनं सर्व्हिसिंगला देणारे लोक केसकडे बघतही नाहीत. एकतर ती थेट कचऱ्यात जाते, नाहीतर तिला बूटपॉलिश फासलं जातं. माझा दोन्हीला सक्त विरोध.

पहिला फण्डा म्हणजे केस लेदरची की रेक्झिनची, ते ओळखा. वरून दोन्ही सेम दिसतात. एखादी सुटलेली कड उलटून बघा. मागे लवदार तंतू असतील तर लेदर, विणलेलं कापड असेल तर रेक्झिन, म्हणजे व्हिनाइल. दोघांची म्हातारपणं वेगळी. व्हिनाइल मऊ राहतं ते त्यातल्या प्लॅस्टिसायझरमुळे. ते वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतं. मग केस चिकट तरी होते, नाहीतर पापडासारखी कडक. तिला कितीही तेल-क्रीम पाजा, उपयोग शून्य. सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेलं फडकं फिरवा, मग कोरडं. बस्स.

लेदरचे नखरे जास्त. बटणांभोवती हिरवा मेणचट थर दिसतो ना? पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांची ती करामत. लाकडी टूथपिकनं अलगद खरवडला की निघतो. बोटाला विटकरी भुकटी लागली तर मात्र तो रेड रॉट. चामडं आतून सडतंय आणि ते पूर्ववत होणार नाही. अशा केसला पाणी लावू नका, ती काळी पडून आणखी कडक होते. आणि तेल? एकेकाळी म्युझियमवालेही लेदरला सर्रास तेल चोळायचे. आता टाळतात, कारण त्यानं रंग गडद होतो आणि धूळ चिकटून बसते.

पण खरी मेख शिवणीत आहे. बऱ्याच जुन्या कॅमेऱ्यांचा पट्टा कॅमेऱ्याला नसतो, केसच्या कानांना असतो. सगळं वजन तिथल्या चार-सहा टाक्यांवर, आणि दोरा चामड्याच्या आधी कुजतो. रंग उडाला तर फक्त दिसायला वाईट, कान सुटला तर कॅमेरा थेट फरशीवर! म्हणून खर्च करायचाच तर इथे करा. शिवण हातानंच करून घ्या, जुन्याच भोकांतून. मशीन शेजारी नवी भोकं पाडतं आणि चामडं पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं. एका दोऱ्याला दोन टोकांना दोन सुया लावून घातलेला टाका सगळ्यात भारी, कारण एक टाका तुटला तरी बाकीची शिवण धरून राहते.

आजोबांच्या आग्फा क्लिक थ्रीची (बडोद्यात बनलेला, १२० फिल्मवर १२ चौकोनी फोटो काढणारा) केस मी स्टेशनबाहेरच्या काकांकडे नेली. ‘‘मॅडम, एवढ्यात नवी शिवून देतो,’’ ते म्हणाले. मग झाकणाच्या आतलं सुटलेलं अस्तर फाडायला हात घातला. तिथे आजोबांचं नाव आहे, बॉलपेननं लिहिलेलं, खाली चाळीचा पत्ता. मी जवळपास ओरडलेच. काकांचं म्हणणं टेक्निकली बरोबर होतं, अस्तर पार गेलेलंच आहे. पण नवं अस्तर घातलं तर आजोबांचं अक्षर कायमचं जाणार. शेवटी त्यांनी फक्त कान शिवले. आरीनं जुनी भोकं मोकळी केली, मेण लावलेला दोरा ओढला, मग स्वतःची हातोडी केसमध्ये ठेवून पट्ट्याला धरून गदागदा हलवून दाखवली. सही!

आता एक अप्रिय सल्ला. एवढं करून झाल्यावर कॅमेरा केसमध्ये ठेवू नका, निदान पावसाळ्यात तरी नाही. चामडं दमट हवा धरून ठेवतं, त्यात बुरशी माजते आणि लेन्सवर चढते. ती लेन्सचं कोटिंग खाते आणि मग पुसूनही डाग जात नाही. फिरायला जाताना केस वापरा, घरी आल्यावर कॅमेरा बाहेर काढा. आमचा क्लिक थ्री सध्या हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आहे. केस वेगळ्या खणात. आकार राहावा म्हणून आत कोरे पांढरे कागद चुरगळून भरलेत. वर्तमानपत्र नको, त्याची शाई लागते.