दहावी ते अकरावी : मधले चार महिने

आपल्याकडे दहावी ही एका मुलाची परीक्षा नसते, ती साऱ्या घराची असते. वर्षभर टी.व्ही. मुका होतो, मोबाइल कपाटात जातो, आणि 'आमची यंदा दहावी आहे' एवढे सांगितले की लग्नकार्याला न गेल्याचीही माफी मिळते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, चौकात फलक लागतो, गावातील मंडळाकडून सत्कार होतो. त्यानंतर मात्र चमत्कार घडतो. ज्या मुलाची काळजी करण्यात सारे गाव गुंतले होते, तो मुलगा अकरावीच्या वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याच्या सोबतीला कोणीही नसते. शाळेने दाखला देऊन आपले कर्तव्य संपविलेले असते. महाविद्यालयाच्या लेखी तो अजून केवळ एक अर्जक्रमांक असतो.

ही स्थिती आजची नाही. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाच्या शिफारशींना अनुसरून १९७५ साली महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. त्यापूर्वी अकरावी म्हणजे मॅट्रिक. ती शाळेतच, ओळखीच्या गुरुजींच्या हाताखाली पूर्ण होई. नव्या आकृतिबंधाने अकरावी-बारावी ही दोन वर्षे मधल्या मध्ये मोकळी केली. कोठे ती महाविद्यालयाला जोडली गेली, कोठे हायस्कूललाच, आणि दोन्ही ठिकाणी नाव मात्र एकच : कनिष्ठ महाविद्यालय. वास्तविक हा विद्यार्थी पंधरा-सोळा वर्षांचा. कायद्याच्या दृष्टीने तो शाळकरीच. पण आपल्या इमारतीत आला की त्याने 'कॉलेजकुमार' व्हावे अशी आपली अपेक्षा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नववी ते बारावी हा एकच टप्पा मानला आहे. कागदावर ही फट बुजली म्हणावयाची. कागदावर पुष्कळ गोष्टी बुजतात.

२०२५ सालचेच उदाहरण घेऊ. दहावीची लेखी परीक्षा मार्चच्या मध्यास संपली. निकाल १३ मे रोजी लागला. त्या वर्षी प्रथमच साऱ्या राज्यासाठी ऑनलाइन केंद्रीय प्रवेशप्रक्रिया राबविण्यात आली आणि पहिली गुणवत्ता यादी लागावयास जूनची अखेर उजाडली. म्हणजे साडेतीन महिने झाले. पुढच्या फेऱ्या होऊन, वर्ग भरून, पाट्यांवर खडू उमटेपर्यंत चार महिने सहज उलटतात. या चार महिन्यांत विज्ञान शाखेकडे जाणारा सधन घरातील मुलगा काय करतो हे आपण जाणतो. परीक्षेनंतर पंधरा दिवसांत त्याचे क्लास सुरू होतात. त्याला पुढच्या वर्षासाठी तयार करणारे कोणीतरी असते, मग त्यासाठी बापाला कर्ज काढावे लागो. कला शाखेकडे येणाऱ्यासाठी असे कोणीही नाही. कारण 'आर्ट्सला काय तयारी लागते?' हा प्रश्न आपल्या समाजाने फार पूर्वीच सोडवून टाकला आहे.

आपल्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी त्या सुट्टीत कामे करतात. कोणी लग्नात वाढपी म्हणून जातो, कोणी मामाच्या दुकानात बसतो, कोणी घरच्या कांद्याच्या काढणीला लागतो. यात कमीपणा नाही; पुष्कळांची फी आणि नवे बूट त्यातूनच येतात. उरलेले दिवस सेतू केंद्राच्या ओट्यावर जातात : उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर. अकरावीच्या उंबरठ्यावरील मुलाला शासनाकडून मिळणारे पहिले शिक्षण बहुधा 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' हेच असते.

आता प्रत्यक्ष अभ्यासात काय बदलते ते पाहावे, कारण तेथेच खरी मेख आहे. दहावीला इतिहास आणि राज्यशास्त्र मिळून चाळीस गुणांची एक प्रश्नपत्रिका असते. अकरावीला यांतील प्रत्येक विषय स्वतंत्र होतो. ऐंशी गुणांची लेखी परीक्षा, वीस गुणांचा प्रकल्प, स्वतंत्र पुस्तक, स्वतंत्र प्राध्यापक. शिवाय तर्कशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र असे विषय पुढ्यात येतात, ज्यांची नावेही शाळेत कानावर पडलेली नसतात. यांतून निवड कशी होते? 'स्कोअरिंग' कोणता, मित्राने कोणता घेतला, आणि खिडकीतील लिपिकाच्या मते कोणत्या तुकडीत जागा आहे, या तीन निकषांवर. तर्कशास्त्राचे पुस्तक दहा मिनिटे हातात धरून मग ते नाकारणारा विद्यार्थी मला अजून भेटलेला नाही.

परंतु विषय वाढले ही फारशी मोठी अडचण नव्हे. मुलाला खरी अडचण नव्या शब्दांचीही नसते; जुन्या, ओळखीच्या शब्दांची असते. 'राज्य' हा शब्द घ्या. शाळेत राज्य म्हणजे महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात. अकरावीच्या राज्यशास्त्रात आरंभालाच 'राज्य' ही संकल्पना येते, आणि लोकसंख्या, भूप्रदेश, शासनसंस्था व सार्वभौमत्व ही तिची चार अंगे सांगितली जातात. सार्वभौमत्व तर महाराष्ट्राला नाही. मग महाराष्ट्र राज्य आहे की नाही? ज्याच्या मनात हा प्रश्न उठला तो खरा विद्यार्थी. पण साठ-सत्तर अनोळखी मुलांत उभे राहून तो विचारण्याचे धैर्य पहिल्या आठवड्यात कोणाला होणार? तो गप्प राहतो, चार अंगे पाठ करतो, आणि राज्यशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे अशी त्याची कायमची समजूत होते. अर्थशास्त्रातील 'मागणी'ची हीच कथा. मोर्च्यातील मागणी त्याला ठाऊक असते. नुसती इच्छा म्हणजे मागणी नव्हे, इच्छेच्या जोडीला पैसे देण्याची ऐपत आणि तयारी हवी, हे समजावयास बाजारच्या दिवशी अर्धा तास भाजीमंडईत उभे राहिले तरी पुरे. आपण मात्र ते व्याख्येने सुरू करतो आणि व्याख्येनेच संपवितो.

इंग्रजीची गोष्ट याहून कठीण. दहावीपर्यंत मराठी माध्यमाचा मुलगा इंग्रजी ही तृतीय भाषा म्हणून शिकतो आणि इंग्रजी माध्यमाचा मुलगा तीच प्रथम भाषा म्हणून शिकतो. दोघांची पुस्तके निराळी, प्रश्नपत्रिका निराळ्या. अकरावीत इंग्रजी सर्वांना सक्तीचे, आणि दोघांपुढे तीच 'युवकभारती'. जूनमध्ये एक जण ज्या पायरीवर उभा होता तेथून दुसऱ्याला एकदम तीन पायऱ्या चढावयाच्या असतात, आणि हे त्याला कोणी सांगितलेलेही नसते. तो समजतो की आपलीच बुद्धी कमी पडते. मराठीच्या पुस्तकांची नावे मोठी बोलकी आहेत : बालभारती, कुमारभारती, युवकभारती. कुमाराचा युवक कसा व्हावयाचा, हे मात्र दोन पुस्तकांच्या मधल्या काळात कोणीच शिकवीत नाही.

वर्गातील रीतही बदलते. शाळेत बाई प्रश्न आणि उत्तर दोन्ही फळ्यावर लिहून देत. येथे प्राध्यापक बोलत जातात आणि विद्यार्थ्याने त्यातून टिपण काढावे अशी अपेक्षा असते. टिपण काढणे ही सुतारकामासारखी शिकावी लागणारी गोष्ट आहे. ती न येणारा मुलगा पहिल्या आठवड्यात प्रत्येक वाक्य उतरवू पाहतो, दुसऱ्यात दमतो आणि तिसऱ्यात गाइड विकत घेतो. त्यात भर म्हणजे अकरावीची परीक्षा महाविद्यालयच घेते. त्यामुळे 'अकरावी म्हणजे विश्रांती' ही म्हण वडीलधाऱ्यांच्या तोंडीही असते. या विश्रांतीची किंमत बारावीच्या फेब्रुवारीत चुकती करावी लागते, आणि तेव्हा बोर्ड हप्ते पाडून देत नाही.

इंग्लंडात या दोन वर्षांना 'सिक्स्थ फॉर्म' म्हणतात. तेथेही सोळाव्या वर्षाची मोठी परीक्षा मे-जूनमध्ये होते, निकाल ऑगस्टमध्ये लागतो आणि नवे वर्ग सप्टेंबरात भरतात. म्हणजे मोकळा काळ तेथेही आहेच. परंतु तेथील पुष्कळ संस्था निकालाची वाट न पाहता जुलैतच होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना एक-दोन दिवस बोलावितात, निवडलेल्या विषयाचा नमुन्याचा तास देतात आणि सुट्टीत करण्याजोगे थोडे वाचन नेमून देतात. सगळेच त्यांचे चांगले असे मानण्याचे कारण नाही. त्यांच्या शाळांवर प्रचंड पैसा खर्च होतो आणि आपल्याकडे वर्गात पंखा मिळाला तरी सत्यनारायण घालावा अशी स्थिती. पण नमुन्याच्या तासाला पैसा लागत नाही.

यावर काही प्राध्यापक म्हणतील की मुले दमलेली असतात, त्यांना जरा मोकळे सोडा. पहिला महिना खुशाल सोडावे. त्यांनी पोहावे, आंबे खावेत, मनसोक्त झोपावे. मीही क्लासचा पुरस्कार करीत नाही. अकरावीचा अभ्यासक्रम मे महिन्यात शिकवून टाकण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती विज्ञान शाखेवर भागवावी. येथे शिकवणीची नव्हे, परिचयाची गरज आहे. आणि परिचय म्हणजे आपल्याकडे होतो तो स्वागतसमारंभही नव्हे, ज्यात गुलाबाचे एक फूल देऊन दोन तास भाषणे ऐकविली जातात, आणि स्पर्धा परीक्षा उत्तीर्ण झालेला एखादा पाहुणा पहाटे चारला उठण्याचे महत्त्व सांगून निघून जातो. ज्या मुलीची पहिली एस.टी. साडेसातला सुटते आणि पहिला तास साडेसातलाच असतो, तिने चारला उठून तरी काय करावे?

मुलींचा प्रश्न येथे मुद्दाम वेगळा काढतो, कारण या चार महिन्यांत सर्वांत अधिक गमावण्यासारखे त्यांच्यापाशी असते. गावात दहावीपर्यंत शाळा आहे, अकरावी तालुक्याला. ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे, तेव्हा अडसर पैशाचा नाही. अडसर हा की घरातील कोणीच महाविद्यालय आतून पाहिलेले नसते. तेथे कोण असते, किती वाजता सुटते, मुलगी उशिरा आली तर कोणाला विचारावयाचे, यांपैकी कशाचेच उत्तर बापाजवळ नसते; आणि जूनमध्ये एखादे 'स्थळ' चालून आले की या अज्ञानाचे रूपांतर निर्णयात होते. कायद्याने अठरा वर्षांची अट आहे हे सर्वांना ठाऊक असते, म्हणून लग्न लगेच होत नाही; शिक्षण मात्र लगेच थांबते. अशा घरी शासनाचे परिपत्रक पोहोचत नाही आणि प्राचार्यांचे पत्र पोहोचले तरी वाचून बाजूला ठेवले जाते. त्याच गल्लीतील, त्याच गाडीने तीन वर्षे ये-जा करून बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेली ताई ओट्यावर येऊन बसली, आणि 'काका, मी असते ना त्या गाडीला' एवढे म्हणाली, तर ते वाक्य बापाच्या गळी उतरते.

म्हणून माझे म्हणणे असे की हे काम प्राध्यापकांवर ढकलू नये. ते आपले, म्हणजे वरिष्ठ वर्गातील विद्यार्थ्यांचे आहे. आपल्यापैकी कितीतरी जण आसपासच्या गावांतून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर आपण दरवर्षी घेतो. त्यात रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, शेवटच्या रात्री नकला करतो. निकाल लागल्यानंतरच्या आठवड्यात तीनतीन जणांनी आपापल्या शाळेत जावे. सोबत अकरावीची पाठ्यपुस्तके न्यावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात आणि जुन्या प्रती तर आपल्याच माळ्यावर पडून आहेत. प्रत्येक विषयाचा पहिला धडा मुलांनी स्वतः चाळावा, न कळलेले दहा शब्द लिहून काढावेत. 'राज्य' आणि 'मागणी' यांवर झाडाखाली बसून भांडावे. मीडियम कोणतेही असो, रोज इंग्रजीचे एक पान मोठ्याने वाचावे. वृत्तपत्रातील एका अग्रलेखाचे पाच ओळींत टिपण काढून पाहावे. बसचे वेळापत्रक, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर मिळतो, कोणते प्राध्यापक रागावतात आणि कोणते नुसतेच रागावल्यासारखे दिसतात, हेही सांगावे. त्या वयात ही माहिती राज्यघटनेइतकीच मोलाची असते.

महाविद्यालयाकडे मागणे दोनच. दहावीचे हॉल तिकीट दाखविणाऱ्या कोणाही मुलाला मे-जूनमध्ये वाचनालयात बसू द्यावे. पुस्तक घरी दिले नाही तरी चालेल. आणि अकरावीचा पहिला तास बाहेरगावची पहिली गाडी स्थानकात आल्यानंतर अर्ध्या तासाने ठेवावा. याला शासनाची मंजुरी लागत नाही, वेळापत्रक समितीची एक बैठक लागते. उन्हाळ्यात वाचनालयाला कुलूप असते असे उत्तर मिळेल हे ठाऊक आहे. किल्ली शिपाईमामांकडे असते, ते आवारातच राहतात, आणि मी विचारले तेव्हा ते म्हणाले, 'साहेबांनी सांगितलं तर सकाळी दहाला उघडतो की.'