‘शांत’ आहेत, पण कशामुळे?

“आई आता एकदम शांत असतात, काही त्रास देत नाहीत.” केंद्रातून असा फोन आला की घरच्यांना हायसं वाटतं. पण तुम्ही लगेच विचारा: ही शांतता आली कशाने?

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती ओरडली, रात्रभर फिरत राहिली, अंगावर धावून आली की अनेकदा क्वेटियापिन, रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉल सुरू होतं. डिमेन्शिया झालेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये दिला. २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू झाला. शिवाय पक्षाघात, गुंगी, तोल जाऊन पडणं हे आहेच. ब्रिटनमधल्या २००९ च्या सरकारी अहवालाने अशा औषधांमुळे तिथे वर्षाला सुमारे १,८०० जादा मृत्यू होत असावेत, असा अंदाज मांडला होता.

शब्द हरवले की माणूस वागण्यातून बोलतो. गुडघा दुखतोय, पोट साफ नाही, लघवीला जळजळ होतेय, श्रवणयंत्राची बॅटरी संपली आहे, हे त्याला सांगता येत नाही. नॉर्वेतल्या १८ नर्सिंग होममधल्या अभ्यासात (२०११) वेदनांवर पद्धतशीर उपचार केले, बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल दिलं. आठ आठवड्यांत अस्वस्थता १७ टक्क्यांनी कमी झाली. तीही गोळीच, पण कारणावरची!

आंघोळीचं उदाहरण घ्या. जन्मभर साडी नेसलेल्या बाईचे कपडे कुणी अनोळखी माणूस भराभर उतरवू लागला, तर ती हात उगारणारच. रोज तीच मावशी, कोमट पाणी, अंगावर टॉवेल, प्रत्येक गोष्ट आधी सांगून करणं आणि त्यांच्या सवयीची वेळ, एवढ्याने पुष्कळदा काम होतं. दुपारनंतरची घालमेल वाती वळणं, मटार सोलणं, आवडीची गाणी, उन्हात फेरफटका यांनी कमी होऊ शकते.

केंद्रचालक म्हणतात, माणसंच कमी आहेत. अडचण खरी आहे. पण मग गोळी रुग्णासाठी नसून आपल्या सोयीसाठी आहे, हे तरी कबूल करा. ब्रिटनमधल्या ६९ केंद्रांतल्या अभ्यासात (२०१८) कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं आणि रहिवाशांना आठवड्याला साधारण एक तास त्यांच्या आवडीच्या गप्पा आणि कामं दिली. आयुष्याची गुणवत्ता सुधारली, अस्वस्थता घटली. फायदा माफक होता, पण त्यासाठी कुणाला गुंगीत ठेवावं लागलं नाही.

रुग्णाच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, भास फार छळत असतील, तर औषध लागतं. तेव्हा कमीत कमी डोस, थोडे दिवस आणि निदान दर सहा आठवड्यांनी फेरतपासणी हवी. चालू गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका.

पुढच्या भेटीत हे विचारा:

• ही गोळी नेमकी कशासाठी, आणि कधीपर्यंत?
• त्याआधी वेदना, बद्धकोष्ठता, लघवीचा संसर्ग तपासला का?
• त्रास कोणत्या वेळी, कोण जवळ असताना होतो, याची नोंद आहे का?

आणि एक कागद तुम्हीही लिहून द्या: त्यांना काय म्हणून हाक मारायची, चहा कसा लागतो, कोणतं काम हातात बसलंय, कशाची भीती वाटते. ही माहिती कोणत्याच केस पेपरवर नसते.