टर्बाइनच्या पलीकडे कोण राहतं?

शनिवारी रात्री कर्जत रोडवर एखादी जुनी गाडी फाट-फाट करत गेली की आपल्यातले अर्धे मान वळवून बघतात आणि उरलेले अर्धे शिव्या घालतात. खरं सांगायचं तर मी दोन्ही केलंय. म्हणूनच आज सायलेन्सरबद्दल बोलू या. लेक्चर देत नाही. गाडी आवडणाऱ्या माणसाशी गाडी आवडणारं माणूस बोलतं, तसंच बोलते.

कॉलेजातल्या मुलांच्या हातात हल्ली सेकंडहँड टर्बो गाड्या दिसतात. त्यातल्या दोन तर आपल्या महाराष्ट्राच्याच. 2004 साली आलेली स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 1.8 लिटर टर्बो, 150 पीएस. तेव्हा स्कोडाच्या गाड्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यात जोडल्या जायच्या. दुसरी फियाट लिनिया टी-जेट, 1.4 लिटर, 114 पीएस, पुण्याजवळच्या रांजणगावची. नवी असताना या गाड्या आपल्या बापालाही परवडल्या नसत्या. आज त्या चांगल्या बाईकच्या किमतीत मिळतात. मग पहिला विचार येतो तो ‘एक्झॉस्ट करू या’ हाच.

माझ्या मामेभावाने तेच केलं. लिनिया घेतली, पिकअप मिळेना, एका गॅरेजवाल्याने सांगितलं, ‘कॅट चोक आहे, काढून टाक, स्ट्रेट पाईप घाल, गाडी उडेल.’ दादाने साठवलेले पैसे घातले. गाडी उडाली नाही. आवाज मात्र उडाला. आठवडाभरात चेक इंजिनचा दिवा लागला, पीयूसीला गाडी नापास झाली आणि शेजारचे काका, जे पहाटेच्या लोकलने ड्युटीला जातात, ते आमच्या दारात आले. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘बाळा, तू घरी आलास की आमची झोप संपते.’

पुढे दुसऱ्या मिस्त्रीने इनटेकमध्ये धूर सोडून तपासलं, तेव्हा इंटरकूलरच्या रबरी होजला चीर सापडली. टर्बोने दाबलेली हवा इंजिनपर्यंत पोचायच्या आधीच निसटत होती. दुखणं पुढच्या बाजूला आणि ऑपरेशन मागच्या बाजूला! काढलेला कॅट तोवर भंगारात गेला होता. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, म्हणजे त्याचेही पैसे कुणीतरी केलेच असणार.

टर्बो म्हणजे काय हे समजायला आपल्याला यूट्यूबची गरज नाही. भिवपुरीचं टाटांचं वीजकेंद्र बघा. 1922 पासून चालू आहे. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण, तिथून पाणी पाइपातून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढे निघून जातं. गाडीतही तसंच. पाण्याच्या जागी इंजिनातून निघालेला गरम धूर टर्बाइन फिरवतो. त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलतं. वेग मिनिटाला लाखभर फेऱ्यांच्याही वर.

टर्बाइन फिरवलेला धूर पुढे सहज निघून गेला पाहिजे. तिथे तो तुंबला तर टर्बो जागा व्हायला उशीर लागतो. त्यामुळे टर्बो गाडीत मोकळ्या एक्झॉस्टचा फायदा होतो, हे खोटं नाही. पण बूस्ट किती द्यायचा हे ईसीयू वेस्टगेटमार्फत ठरवतो. नुसता पाईप बदलला आणि बाकी सगळं तेच ठेवलं, तर हाती जे लागतं ते बहुतेक कानालाच जाणवतं. रिमॅप करून बूस्ट वाढवला तर पंधरा वर्षांच्या क्लचवर, गॅस्केटवर आणि टर्बोच्या बेअरिंगवर ताण येतो. तो खर्च इन्स्टाच्या रीलमध्ये कुणी दाखवत नाही.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम 190 (2) खाली पहिल्याच गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर तीन महिने लायसन्सही जातं. जप्त केलेल्या सायलेन्सरवरून पोलीस रोडरोलर फिरवतात ते फोटो तुम्ही पाहिलेच असतील.

पण मला दंडापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटते. जुन्या गाडीचा फ्लेक्स पाईप फाटलेला असतो, गॅस्केट जळालेलं असतं, आणि त्यात कॅट नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पावसाळ्यातला रविवार डोळ्यांसमोर आणा. धबधब्याकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग, काचा बंद, एसी चालू, इंजिन तासभर जागच्या जागी. गळका एक्झॉस्ट तेव्हा गाडीखालून आत येऊ शकतो. डोकं दुखतं, झोप येते, आपल्याला वाटतं दमलो. ही चेष्टा नाही.

मग जुनी टर्बो गाडी घेतलेल्याने करायचं काय? आधी तपासा, मग खर्च करा. होज, इंटरकूलर, व्हॅक्यूमच्या नळ्या, स्पार्क प्लग, ऑइल. टर्बोचा जीव ऑइलमध्ये असतो. जोरात चालवून आल्यावर लगेच चावी फिरवू नका, मिनिटभर इंजिन शांत चालू द्या. एक्झॉस्ट गंजला असेल तर जरूर बदला, पण मूळ मापाचा, मूळ आवाजाचा. चांगल्या स्टेनलेस स्टीलचा करून घ्या, वेल्डिंग नीट बघा, हीट शील्ड परत बसवून घ्या, सेन्सर आपल्या जागी ठेवा. कॅट खरंच चोक असेल तर कॅटच्या जागी कॅटच येतो, पाईप नाही. आणि काढलेला प्रत्येक पार्ट घरी घेऊन या. तो तुमचा आहे.

‘मग मजा काय राहिली?’ असं दादाही म्हणाला होता. होज बदलली, बऱ्याच शोधाशोधीनंतर कॅट मिळाला, मूळ सायलेन्सर परत चढला. फियाटने इथला गाशा गुंडाळल्यापासून पार्ट मिळवणं म्हणजे लग्नाला स्थळ शोधण्यासारखं झालंय. पण ज्या दिवशी गाडी पुन्हा नीट झाली, त्या दिवशी आम्ही खोपोलीपर्यंत जाऊन आलो. तिसऱ्या गिअरमध्ये टर्बो जागा झाला तेव्हा पाठ सीटला चिकटली, आणि बाहेर कुणाला पत्ताही लागला नाही. मला तरी मजा तीच वाटली.

भिवपुरीच्या टर्बाइनमधून सुटलेलं पाणी वाया जात नाही. ते उल्हास नदीला मिळतं आणि खाली बदलापूर-कल्याणकडची माणसं त्या नदीवर तहान भागवतात. टर्बाइनच्या पलीकडे कुणीतरी राहतं हे तिथे गृहीतच धरलेलं आहे. आपल्या गाडीच्या टर्बाइनपलीकडेही कुणीतरी राहतं. पहाटेच्या लोकलचे काका, दहावीचा अभ्यास करणारी पोरगी, दम्याने जागी असलेली आजी.

गाडी जरूर पळवा. फक्त मागून जे बाहेर पडतं, ते या लोकांच्या घरात शिरतं हे लक्षात ठेवून पाना हातात घ्या.