बाटली उलटी करून वाचा

इंदापूर तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांचे मालक साखर कारखान्यात हंगामी कामगार आहेत. वय सेहेचाळीस, दोन वर्षांपासून शुगरच्या गोळ्या चालू. पत्रातला मुद्द्याचा मजकूर असा : “भाऊ, सविनय जयभीम. ह्यांना घरी चहा बिनसाखरेचा देते. पण ड्युटी सुटल्यावर गेटसमोर कोल्ड्रिंक पितातच. मुलगा म्हणतो, शुगर फ्री मिळते, ती पप्पांना कितीही चालते. सासूबाई म्हणतात, ते केमिकल कशाला, त्यापेक्षा उसाचा रस प्यावा, तो आपल्या रानातला. दवाखान्यात गर्दी असते, डॉक्टरांना विचारायला होत नाही. काय द्यावे?”

घर एक आणि मते तीन. अशी घरे बारामती-इंदापुरात गल्लोगल्ली आहेत, म्हणून उत्तर टपालाने न पाठवता येथेच देत आहोत.

आपला मुलूखच साखरेचा. इंग्रजांच्या काळात नीरा डावा कालवा आला आणि कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. वालचंदनगरला १९३० च्या दशकात कारखाना झाला. पुढे सहकाराचे दिवस आले आणि माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी ही नावे घराघरांत झाली. कोणाची मजुरी उसावर, कोणाचा पगार कारखान्यावर, कोणाच्या मुलांची फी बोनसवर. आणि त्याच घरात आता रोगाचे नावही ‘साखर’च. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने झालेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेहाचे रुग्ण १० कोटींच्या वर आहेत आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींच्या वर. हा शेठजींचा आजार राहिलेला नाही.

आधी सासूबाईंचे बोलू. त्यांच्या वयाचा मान राखून सांगावे लागते की, रानातला म्हणून उसाचा रस मधुमेह्याला चालत नाही. महाराष्ट्रात कोणत्याही स्टँडसमोर जा, ‘कानिफनाथ’ किंवा ‘नवनाथ’ नावाची रसवंती दिसते, घुंगरे वाजत असतात. यातले पुष्कळ मालक आपल्या शेजारच्या पुरंदर तालुक्यातले. कष्टाने धंदा करणारी माणसे, त्यांच्याविरुद्ध आमचे काही नाही. पण कारखान्यात ज्या रसापासून साखर काढतात तोच रस येथे ग्लासात असतो. मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर सहज भरते. लिंबू आणि आले पिळल्याने ती कमी होत नाही. गुळाच्या चहाचेही तसेच. हल्ली रस्त्याला गुळाच्या चहाच्या टपऱ्या झाल्या आहेत आणि ‘गूळ शुगरला चालतो’ असे खुशाल सांगितले जाते. गूळ ही साखरच, फक्त रंग वेगळा. सकाळची नीरा, आंब्याच्या चवीच्या बाटल्या, डाळिंबाचा रस, सगळ्यांत साखर आहे. शहाळ्यात त्या मानाने कमी, पण ‘नाही’ असे नाही. डाळिंब खायचे तर डॉक्टरांना विचारून दाणे खावेत, रस पिऊ नये.

आता गेटसमोरची बाटली. आमचे शिक्षण हिशेबाचे, म्हणून हिशेबच मांडतो. साध्या कोल्ड्रिंकमध्ये १०० मिलिलिटरला साधारण १० ते ११ ग्रॅम साखर असते. २५० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅमच्या वर, म्हणजे सपाट पाच चमचे. ७५० मिलिलिटरची मोठी बाटली दोघांनी मिळून संपवली तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना धडधाकट माणसालाही दिवसाला वरून घेतलेली साखर सुमारे ५० ग्रॅमच्या आत ठेवा आणि जमल्यास २५ वर आणा असे सांगते. आमच्या भगिनी घरी चहातून दोन चमचे वाचवतात आणि मालक गेटवर पाच चमचे जमा करून येतात. खाते जुळायचे कसे?

पण मालकांना दोष देण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. रक्तातली साखर वाढली की लघवीला जास्त होते, अंगातले पाणी जाते आणि तहान लागते. एप्रिलचे ऊन, त्यात कारखान्यातली उष्णता, त्यात ही आतली तहान. माणूस गोड बाटली पितो, साखर आणखी चढते, तहान आणखी लागते, तो दुसरी बाटली मागतो. बाहेरच्यांना वाटते जिभेला चटक लागली आहे. चटक असेलही, पण आजारही तहान लावतो. म्हणून कोल्ड्रिंकच्या आधी पोटभर साधे पाणी पिण्याची सवय लावा. निम्मी तहान तेथेच जाते. पाणी पिऊनही घसा कोरडाच राहत असेल आणि रात्री तीन-चारदा उठावे लागत असेल, तर बाटलीची चर्चा सोडून रक्त तपासून घ्या.

मुलाचे म्हणणे निम्मे खरे आहे. ‘शुगर फ्री’, ‘डाएट’, ‘झिरो’ म्हणून मिळणाऱ्या कोल्ड्रिंकमध्ये साखरेऐवजी कृत्रिम गोडी असते. त्याने रक्तातली साखर वाढत नाही. तेव्हा कोल्ड्रिंक प्यायचेच असेल तर साखरेच्या बाटलीपेक्षा ही बाटली बरी, हे आम्ही स्पष्ट सांगतो. पण ‘कितीही’ हा शब्द खोडावा लागेल. आणि बाटली ओळखायची तर पुढचे मोठे अक्षर न पाहता ती उलटी करून मागचे बारीक अक्षर वाचायला शिकले पाहिजे.

मागे एक कोष्टक असते. ते बहुधा इंग्रजीत असते, म्हणून शाळेत जाणाऱ्या मुलीला वाचायला लावा. तिचाही अभ्यास होईल. ‘टोटल शुगर्स’ ही ओळ शोधायची. आकडा बहुतेक १०० मिलिलिटरचा दिलेला असतो, पूर्ण बाटलीचा नव्हे. तेव्हा बाटली केवढी ते पाहून गुणाकार करायचा. आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे ‘शुगर फ्री’ लिहायचे तर १०० मिलिलिटरमध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नसावी लागते. मात्र ‘नो ॲडेड शुगर’ म्हणजे ‘शुगर फ्री’ नव्हे! त्याचा अर्थ एवढाच की, वरून साखर घातलेली नाही. फळाची स्वतःची साखर आत असतेच आणि फळांच्या रसात ती कोल्ड्रिंकइतकीही भरते. ‘लाइट’ शब्दावरही विसंबू नका, आकडा पाहा.

नावांच्या फसवणुकीचा एक ताजा दाखला देतो. जुलाब झाल्यावर द्यायचे ओआरएस आपल्याला माहीत आहे. तेच नाव लावून गोड फळपेये विकली जात होती. हैदराबादच्या एक बालरोगतज्ज्ञ बाई त्याविरुद्ध अनेक वर्षे झगडल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना ते नाव लावायला मनाई केली. एक बाई चिकाटीने लेबले वाचत राहिली म्हणून हे झाले.

कृत्रिम गोडीची नावेही लेबलवर असतात : ॲस्पार्टेम, एसेसल्फेम पोटॅशियम, सुक्रालोज, किंवा नुसते ९५१, ९५०, ९५५ असे आकडे. सासूबाईंची केमिकलची भीती अगदीच हवेतली नाही. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने ॲस्पार्टेमला ‘कर्करोगास कदाचित कारणीभूत’ या गटात टाकले. बातम्या आल्या, लोक घाबरले. पण त्याच वेळी दुसऱ्या तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा होती तीच ठेवली, शरीराच्या वजनाच्या दर किलोला ४० मिलिग्रॅम. ७० किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसाला नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतील. तेव्हा आठवड्यातून एखादी बाटली प्यायल्याने घाबरण्याचे कारण दिसत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संघटनेने असाही सल्ला दिला की, वजन कमी करण्यासाठी म्हणून ही गोडी वापरू नये. हा सल्ला आधीच मधुमेह असलेल्यांना लागू नाही, असे त्यात नमूद आहे. घरातल्या मुलांना मात्र ही बाटली देऊ नका. आणि बाटलीत साखर असो वा नसो, आम्ल असतेच, दात झिजतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर काळे कोल्ड्रिंक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

तरुण पोरे लाल-निळी एनर्जी ड्रिंक पितात. त्यात कॅफीन असते आणि बऱ्याचदा साखरही. घरात मधुमेह असलेल्या पोरांनी तर त्यापासून लांबच राहावे. जाता जाता हिशेबाची एक गंमत : सप्टेंबर २०२५ पासून कोल्ड्रिंकवर ४० टक्के जीएसटी आहे, साखरेची बाटली आणि बिनसाखरेची, दोन्ही सरकारच्या एकाच रकान्यात.

आता जे सांगायचे आहे ते सर्वांत महत्त्वाचे. मुलाने हे पाठच करावे. शुगर फ्री बाटली एका वेळी उपयोगाची नसते आणि ती वेळ जिवावरची असते. इन्सुलिन घेणारा किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड अशा गोळ्या घेणारा माणूस गोळी घेऊन उपाशी राहिला, डबल ड्युटी केली, जेवणाला उशीर झाला, तर त्याची साखर एकदम खाली जाते. दरदरून घाम येतो, हात थरथरतात, छाती धडधडते, बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस चिडतो. बघणारा काय म्हणतो? ‘प्यायलाय.’ आणि बाजूला निघून जातो. कष्टकरी माणसाच्या बाबतीत तर हा निकाल फार लवकर लागतो.

अशा वेळी त्याला खरी साखर लागते. तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून द्या, किंवा साखरेचे साधे कोल्ड्रिंक अर्धा ग्लास, किंवा तोच उसाचा रस. एरवी ज्याला आम्ही नको म्हटले ते येथे औषध. घाईत झिरोची बाटली पाजली तर काही होणार नाही आणि मोलाची मिनिटे जातील. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा तेवढेच द्या, सावरल्यावर भाकरी खायला घाला. ॲकार्बोज किंवा व्होग्लिबोज नावाची गोळी चालू असेल तर साखरेचा गुण उशिरा येतो, त्यांनी खिशात ग्लुकोजची साधी पावडर ठेवावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

पण हे सोबत्यांना कळणार कधी? आजार सांगितलेला असेल तरच. आपल्याकडे तो लपवतात. कामावरून काढतील म्हणून, मुलीच्या लग्नात अडचण येईल म्हणून. बाबासाहेबांना मधुमेह होता. उपचारासाठी ते मुंबईच्या डॉ. मालवणकरांकडे जात. त्याच काळात डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली आणि १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांच्याशी विवाह झाला. पथ्य आणि औषध पाहायला घरातच डॉक्टर आल्या. १९५६ सालच्या प्रस्तावनेत आपले आयुष्य वाढवल्याचे श्रेय बाबासाहेबांनी पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले आहे. आजारात त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ पुरा केला. मग आपल्या माणसाने पाळीच्या सोबत्याला ‘मला शुगर आहे, असे झाले तर साखर दे’ एवढे सांगायला लाजायचे कशाला? खिशात तशी चिठ्ठीही ठेवावी.

रोज काय प्यावे? पाणी. पातळ ताक, बीपी असेल तर मीठ बेताचे. लग्नातल्या मठ्ठ्यात साखर असते, चव घेऊन बघावे. गाड्यावर लिंबू-सोडा मागवताना ‘साखर नको, मीठ-जिरे’ असे पहिल्यांदाच सांगावे, कारण साखर ग्लासात आधी पडते. कोकम सरबत प्यायचे तर तयार सिरपचे नको, आगळ आणून पाण्यात घालावे. महिन्यातून दोन-चारदा शुगर फ्री कोल्ड्रिंक घेतले तर घेऊ द्या. दवाखान्यात गर्दी असते म्हणता, तर प्रश्न कागदावर लिहून न्या : आमच्या गोळीने साखर खाली जाते का, गोळी जेवणाआधी की नंतर, उपाशी राहावे लागले तर काय. तिसाव्या वर्षापुढील माणसांची साखर व बीपी प्राथमिक आरोग्य केंद्रात, उपकेंद्रात मोफत तपासतात. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांनाही ते सांगा.

१४ एप्रिलला चौकाचौकांत सरबताचे स्टॉल लागतील. मंडळांना एक विनंती. एका पिंपाशेजारी दुसरे छोटे पिंप ठेवा, त्यात लिंबू, थोडे मीठ आणि जिरे एवढेच. वर मोठ्या अक्षरांत ‘बिनसाखरेचे’ असे लिहा, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना विचारत बसावे लागणार नाही. खर्च वाढत नाही, उलट साखर वाचते. पळी मात्र दोन्ही पिंपांना वेगळी ठेवा.