बेडकाचा सोबती

मृगाचा पाऊस कोसळू लागला, की रायगडच्या किनाऱ्यावरील शेतांत आणि डबक्यांत एका रात्रीत निराळेच जग जागे होते. उन्हाळाभर जमिनीच्या पोटात दडून राहिलेले बैलबेडूक बाहेर येतात. नरांच्या अंगावर हळदीसारखा पिवळा रंग चढतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे फुगतात आणि त्यांच्या ‘डरांव डरांव’ने रात्र दुमदुमून जाते. त्याच सुमारास चढणीचे मासे ओहोळांतून भाताच्या खाचरांकडे धाव घेतात. अलिबाग, पेण, मुरूड, श्रीवर्धन ह्या तालुक्यांतील मुलांचे पाय अशा वेळी घरात ठरत नाहीत. कोणी पंचा धरून मासे पकडतो, कोणी बेडूक उचलून आणतो. आणि घरी काचेची पेटी एकच असली, म्हणजे दोघांचीही रवानगी तिच्यातच होते. बेडूक बिचारा एकटा आहे, त्याला सोबत नको का, असे मुले विचारतात.

प्रश्न प्रेमाचा आहे. परंतु तो बेडकाचा नव्हे. मनुष्याला एकटेपणा सोसवत नाही, म्हणून तो आपल्या पाळीव प्राण्यांनाही एकटे समजतो. कदाचित मराठी भाषेनेही ह्या समजुतीला थोडा हातभार लावला असेल. बेडकाच्या पिलाला आपण ‘बेडूकमासा’ म्हणतो. ते कल्ल्यांनी श्वास घेते, शेपटी हालवून पोहते आणि पाहणाऱ्याला मासाच वाटते. पण पाय फुटले, शेपटी जिरली आणि फुप्फुसे काम करू लागली, की हे मासेपण संपते. पुढे बेडूक आणि मासा ह्यांच्यात जे नाते उरते, ते बहुधा खाणाऱ्याचे आणि खाल्ल्या जाणाऱ्याचे. त्यातही कोणी कोणाला खावे, हे दोघांच्या आकारावर ठरते. मोठा बैलबेडूक किडे तर खातोच. पण उंदराचे पिलू, लहान बेडूक, लहानसा साप, असे जे जे हालते आणि तोंडात मावते, ते तो गिळतो. उलट मरळ नावाचा मासा बेडकावर इतका लुब्ध असतो, की त्याला पकडण्यासाठी गळाला बेडूकच लावतात.

हे शहाणपण शिकण्यासाठी दूर जावे लागत नाही. धरमतरच्या खाडीलगत खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढविण्याची चाल आहे. जिताड्याची पिले खाडीतून आणून तळ्यात सोडतात. हा मासा चविष्ट खरा, पण मोठा खादाड. आपल्याहून बऱ्याच लहान असलेल्या भावंडांनाही तो सोडीत नाही. म्हणून पिले वाढविणाऱ्याला सारख्या आकाराची पिले एकत्र ठेवावी लागतात. जिताड्याच्या तळ्यात लहान मासे सोडले, तर ते त्याचे सोबती म्हणून नव्हे, त्याचे अन्न म्हणून, हे तळ्याचा मालक स्वच्छ जाणतो. तळ्याकाठी जी गोष्ट अडाण्यालाही कळते, ती काचेच्या पेटीपुढे शिकलेला मनुष्य विसरतो, हे नवल होय. पेटीतील हिरवी पाने, रंगीत खडे आणि वर लावलेला दिवा पाहून त्याला वाटते, की आत सर्व गुण्यागोविंदाने नांदतील.

बैलबेडकापुरता हा प्रश्न कायद्यानेच निकालात काढला आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण दिले आहे. त्याला पकडणे हा गुन्हा ठरतो. एके काळी भारतातून बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठविल्या जात. १९८७ साली ती निर्यात बंद झाली. ज्या प्राण्यासाठी देशाने परदेशचा पैसा सोडला, त्याला पेटीत कोंडण्याची हौस मुलांनीही सोडावी.

मग पेटीत राहतो तो दुकानातला बेडूक. मुंबईच्या बाजारांतून मांडव्याच्या किंवा रेवसच्या बोटीने माशांच्या पिशव्या किनाऱ्यावर येतात. त्यांच्याबरोबर कधी कधी आफ्रिकेतले बेडूकही येतात. ह्यांत दोन प्रकार असतात आणि लहानपणी ते एकमेकांसारखे दिसतात. फसगत होते ती येथेच. एक ठेंगू बेडूक. तो जेमतेम ३ ते ४ सेंटिमीटर वाढतो, स्वभावाने गरीब असतो आणि जन्मभर पाण्यातच राहतो. दुसरा नखी बेडूक. त्याची मादी १० सेंटिमीटरांच्याही वर जाते. त्याला जीभ नसते. पुढच्या हातांनी भक्ष्य ओढून तो ते तोंडात कोंबतो. शेजारी मासा आहे की खाणे आहे, हा भेद त्याला ठाऊक नाही. घेण्यापूर्वी पुढचे पाय नीट पाहावेत. ठेंगू बेडकाच्या चारही पायांना बोटांमध्ये पडदे असतात. नखी बेडकाच्या पुढच्या पायांची बोटे सुटी असतात. एवढी एक खूण पाहिली, तर पुष्कळ मासे वाचतील. नखी बेडूक पंधरा वर्षे आणि त्याहूनही अधिक जगू शकतो. म्हणजे सातवीतल्या मुलाने आणलेला बेडूक तो मुलगा नोकरीला लागेपर्यंत पेटीत असू शकेल. त्याला माशांची सोबत देऊच नये.

ठेंगू बेडकाची गोष्ट वेगळी. त्याच्याबरोबर काही मासे राहू शकतात. पण येथे भीती बेडकाची नसून बेडकासाठी असते. त्याची दृष्टी मंद. अन्न तो वासाने हुडकतो, आणि ते तोंडाशी आले तरी घटकाभर विचार करीत बसतो! तेवढ्यात चपळ मासे सर्व फस्त करतात. वरून पाहणाऱ्याला वाटते, पेटीत अन्न पुष्कळ पडते आहे. आणि तळाशी बेडूक दिवसेंदिवस वाळत जातो. भांडण नाही, चावाचावी नाही, पण उपासमार आहे. माणसांच्या पंगतीतही लाजऱ्या मुलाची अशी गत होते.

म्हणून त्याचे शेजारी लहान, शांत आणि पाण्याच्या वरच्या किंवा मधल्या थरात राहणारे असावेत. निऑन टेट्रासारखे मासे चालतात; गप्पीही चालतात, मात्र गप्पीच्या नवजात पिलांची खात्री देता येत नाही. गोल्डफिश मुळीच नको. तो लहान दिसतो तो दुकानात. पुढे तो वितीएवढा वाढतो, पाणी फार घाण करतो, त्याला थंडावा हवा असतो आणि तोंडात मावेल ते गिळू पाहतो. टायगर बार्बला इतरांचे पर आणि पाय कुरतडण्याची खोड. काट्याचे मासे बेडकाच्या घशात अडकण्याचे भय असते. माशांना पेटीच्या एका कोपऱ्यात आधी खायला द्यावे आणि ते तिकडे गुंतले, की लांब काडीने बेडकाच्या तोंडाशी घास न्यावा. इतके करण्याची तयारी नसेल, तर मासे आणू नयेत.

कित्येक हौशी लोक म्हणतात, की त्यांच्याकडे बेडूक आणि वाटेल ते मासे महिनोन्‌महिने सुखाने राहिले. ते खोटे बोलत नाहीत. पण बेडूक तक्रार करीत नाही, ही गोष्ट ते हिशेबात घेत नाहीत. बेडूक कातडीने पाणी शोषतो, कातडीनेच काही श्वासही घेतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. मासे जितके अधिक, तितका तो अधिक. नळाच्या पाण्यातील क्लोरिनही ह्या कातडीला बाधते. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते तर बेडकाला घालूच नये. नवा मासा म्हणजे पाहणाऱ्याला एक नवा रंग. बेडकाला तो पाण्यात मिसळलेला थोडा अधिक मळ असतो. सोबत द्यायचीच असेल, तर ठेंगू बेडकाला दुसरा ठेंगू बेडूक द्यावा. माशांची हौस मालकाची आहे, बेडकाची नव्हे.

ही हौस फिटली, म्हणजे काय होते? पेटी अडगळीत जाते आणि बेडूक जवळच्या तळ्यात. चूक हातून होते ती अशी, आणि ती दयाबुद्धीने होते, म्हणून अधिक वाईट. १९३० नंतरच्या काळात वैद्यकीय चाचण्यांसाठी नखी बेडूक आफ्रिकेबाहेर जगभर पाठविले गेले. त्यांतले काही निसटले, काही सोडून दिले गेले. चिली, फ्रान्स, इटली, अमेरिका येथील पाण्यात त्यांनी ठाण मांडले. परका प्राणी आपल्याबरोबर परका रोगही आणू शकतो. बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका बुरशीमुळे जगातील सुमारे ५०० उभयचर जातींची संख्या घटली, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. ही बुरशी सह्याद्रीतही आढळली आहे. आणि परका म्हणजे परदेशीच असे नाही. आपलाच बैलबेडूक अंदमान बेटांवर पोहोचला. मत्स्यबीजाबरोबर तो नकळत गेला असावा, असे अभ्यासक मानतात. तेथे त्याचे बेडूकमासे स्थानिक बेडकांच्या पिलांचा फडशा पाडतात. भाताच्या खाचरात जो शेतकऱ्याचा मित्र, तो तेथे संकट झाला आहे. तेव्हा नको झालेला दुकानी बेडूक दुसऱ्या पाळणाऱ्याला द्यावा किंवा दुकानात परत करावा. तळ्यात, विहिरीत वा ओहोळात सोडू नये.

पावसाच्या पहिल्या रात्री कोणी अजाण मुलाने घरी आणलेल्या बैलबेडकाची गोष्ट मात्र सोपी आहे. वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन, कंदील किंवा बॅटरी घेऊन, जेथून उचलला त्याच बांधावर त्याला सोडून यावे. हातांना तेल, साबण लागलेला नसावा. हात पाण्याने ओले करूनच त्याला धरावे. बांधावर ठेवल्यावर तो काही वेळ हालणार नाही. उजेड दूर केला, की उडी मारून खाचरात जाईल. त्या खाचरात मासे असतील, खेकडे असतील, दुसरे बेडूकही असतील. त्यांतल्या कोणाजवळ बसावे आणि कोणापासून पळावे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही.